दोन मोठे टॉप नको ताई, सहा छोटे स्पीकर लावा

प्रश्न : नमस्कार दादा. आमचं पारोळ्याजवळ हायवेला छोटं हॉटेल आहे, शेवभाजी, भरीत-कळण्याची भाकरी आणि रविवारी दालबट्टी. सासरे, मिस्टर, दीर आणि मी मिळून चालवतो. हॉल ३० बाय २० फुटाचा, बाजूला १२ बाय १२ ची फॅमिली रूम आणि मागे अंगणात निंबाखाली पाच टेबलं. महिनाभरात पीओपी करायचंय, मग छत १० फुटावर येईल. त्यासोबतच गाण्यांची सोय करून घ्यायचीये. दीर म्हणतो १५ इंची दोन टॉप (डीजेवाल्यांचे मोठे स्पीकर) आणि हजार वॅटचा अँप्लिफायर घेऊ, त्याच्या डीजेवाल्या मित्राकडे सेकंडहँड आहे. सासरे म्हणतात रेडिओ पुरे. मागच्या वर्षी होम थिएटर लावला होता, त्याला जास्तीचे दोन स्पीकर जोडले तर महिन्याभरात जळला. बजेट ४० हजार. काय घ्यावं, कुठं लावावं?
– एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर :

ताई, ते दोन टॉप नका घेऊ. फुकट मिळाले तरी नको. माल खराब असेल असं मी म्हणत नाहीये, लग्नाच्या मिरवणुकीला तो चांगलाच असेल, पण तुमच्याकडे माणूस जेवायला येतो आणि जेवता जेवता त्याला समोरच्याशी बोलायचं असतं. तुमच्या सगळ्या खर्चाचा हिशोब या एकाच गोष्टीवर लावा, की कोपऱ्यातल्या टेबलावरच्या माणसाला आवाज न चढवता "अजून एक भाकरी द्या" म्हणता आलं पाहिजे आणि तरी गाणं ऐकू येत राहिलं पाहिजे.

आता टॉपने हे का जमत नाही ते बघा. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. टॉप हॉलच्या एका कोपऱ्यात ठेवला तर त्याच्यापासून ४ फुटावर एक टेबल आणि ३२ फुटावर शेवटचं, म्हणजे ४ चे ८, ८ चे १६, १६ चे ३२, तीनदा दुप्पट, १८ डेसिबलचा फरक. बंद हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून फरक एवढा राहत नाही, पण तो परत आलेला आवाज घुमलेला असतो, त्यात शब्द कळत नाहीत नुसता गोंगाट कळतो. शेवटच्या टेबलाला नीट ऐकू यावं म्हणून तुम्ही वाढवणार आणि पहिल्या टेबलावरचे लोक जागा बदलून मागणार, किंवा काही न बोलता जेवून निघून जातील आणि पुढच्या वेळी दुसऱ्या हॉटेलला थांबतील.

आपल्याकडे केळीला ठिबक करतात ना, प्रत्येक खोडाशी थोडं थोडं पाणी, तसंच करायचं. डोक्यावर छतात छोटे छोटे स्पीकर, प्रत्येकाने फक्त आपल्या खालची दोन-तीन टेबलं सांभाळायची आणि प्रत्येकाचा आवाज कमीच.

तुमच्या मापावरच हिशोब करतो. छत १० फूट, खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान साधारण ४ फुटावर, मधे राहिले ६ फूट. साध्या सीलिंग स्पीकरचा आवाज जवळपास ९० अंशात खाली पसरतो, म्हणजे कानाच्या उंचीवर साधारण १२ फुटाचा गोल होतो. ३० बाय २० च्या हॉलला सहा स्पीकर बरोबर बसतात, लांबीत तीन आणि रुंदीत दोन, भिंतीपासून ५ फूट सोडून मग दर १० फुटावर एक. फॅमिली रूमला मधोमध एक पुरे. काउंटरच्या डोक्यावर मात्र लावू नका, तिथे बिलाचं बोलणं चालतं, फोनवर पार्सलच्या ऑर्डर येतात, तुम्हालाच त्रास होईल. म्हणून काउंटर ज्या कोपऱ्यात असेल तिथला स्पीकर दोन-तीन फूट टेबलांकडे सरकवा.

वॅटचं म्हणाल तर हजार वॅट ऐकूनच मला कसंतरी झालं. चांगल्या सीलिंग स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज येतो, तुमच्या ६ फुटावर तो ८५ होईल. आणि माणसं नेहमीच्या आवाजात बोलतात ते १ मीटरवर ६० च्या आसपास असतं. हॉल रिकामा असताना गाणं ५५ ते ६० वर ठेवायचं, भरल्यावर ६५ पर्यंत, त्याच्या वर नाहीच. म्हणजे खरं तर एका स्पीकरला १ वॅटसुद्धा पूर्ण लागत नाही, गाण्यात मधेच ढोल-ताशा उसळतो त्याच्यासाठी जागा म्हणून आपण ३ वॅट धरतो. फोनवर डेसिबल मोजायचं फ्री अॅप मिळतं, ते अगदी अचूक नसतं पण अंदाजाला चालतं.

स्पीकर घेण्याआधी मात्र हॉलचा स्वतःचा आवाज कमी करा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि हेच सगळ्यात कमी लोक करतात. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री, त्यामुळे मोठा डेझर्ट कुलर असतोच, वर किचनचा एक्झॉस्ट, मिक्सर, स्टीलच्या ताटांचा खणखणाट, फरशीवर लोखंडी खुर्च्या ओढल्याचा कर्कश आवाज. खाली टाइल्स, भिंतीला अर्ध्यापर्यंत टाइल्स, समोर काच, आणि पीओपी दिसायला मऊ वाटलं तरी आवाज शोषत नाही, परत फेकतं. अशा जागेत माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. एतियेन लोंबार म्हणून फ्रान्समधले कानाचे डॉक्टर होते, त्यांनी १९११ मध्ये हे मांडलं की आजूबाजूचा गोंगाट वाढला की माणसाचा आवाज त्याच्याही नकळत चढतो, आजही त्याला लोंबार इफेक्टच म्हणतात. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं, मग गाणं ऐकू येत नाही म्हणून पोऱ्या व्हॉल्युम वाढवतो, मग सगळेच अजून चढतात, आणि रविवारी दुपारी दालबट्टीच्या गर्दीत काय होत असेल ते तुम्हीच मला सांगू शकता.

म्हणून पीओपीवाल्याला आत्ताच विचारा की हॉलच्या निदान मधल्या भागात पीओपीच्या ऐवजी आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स बसवता येतील का, ऑफिसांमध्ये चौकोनी पांढऱ्या असतात त्याच. ते नसेल जमत तर काचेला जाड पडदे लावा, खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच लावा, कुलरच्या पंख्याचा बॅलन्स आणि बेअरिंग बघून घ्या, किचनच्या खिडकीला झडप लावा. बूच तर फार स्वस्त मिळतात आणि फरक त्याच संध्याकाळी कळतो.

होम थिएटर का जळला तेही सांगतो, कारण तीच गोष्ट परत होऊ शकते. स्पीकरच्या मागे ४ ओहम, ८ ओहम असं लिहिलेलं असतं. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले की ते मिळून ४ होतात, चार लावले की २. ओहम जेवढा कमी तेवढा करंट जास्त ओढला जातो, आणि घरगुती मशीन एवढ्यासाठी बनवलेलंच नसतं, ते तापतं आणि एक दिवस धूर निघतो. तुम्ही जास्तीचे दोन जोडले तेव्हा बहुतेक हेच झालंय.

यावर हॉटेल, शाळा, मंदिर, रेल्वे स्टेशन सगळीकडे एकच उपाय वापरतात, १०० व्होल्ट लाइन. अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर आवाजाचा व्होल्टेज वाढवून पाठवतो, करंट कमी राहतो, त्यामुळे साध्या तारेवरही लांबपर्यंत आवाज पडत नाही. प्रत्येक स्पीकरच्या मागे आपला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला टॅप असतात, १.५ वॅट, ३ वॅट, ६ वॅट असे, जो टॅप जोडाल तेवढीच पॉवर तो घेतो. सगळे स्पीकर एकाच लाइनवर समांतर जोडत जायचे, ओहमचा हिशोब करायचाच नाही, फक्त वॅटची बेरीज करायची. तुमची बेरीज अशी होईल की हॉलचे सहा गुणिले ३ म्हणजे १८, फॅमिली रूमचे ३, आणि अंगणात १०-१० चे दोन म्हणजे २०, एकूण ४१ वॅट. त्यावर पाव हिस्सा मोकळा सोडला की ६० वॅटचा मिक्सर अँप्लिफायर आरामात पुरतो. अहुजा कंपनीचे असे अँप्लिफायर आपल्याकडे गावोगावच्या मंदिरात आणि ग्रामपंचायतीत दिसतात, रिपेअर करणारा तालुक्याला मिळतो, हा माझ्या दृष्टीने मोठा मुद्दा आहे. दुसरा कुठला घेतला तरी मागे १०० व्होल्टचा स्क्रू आहे का, ऑक्सची, म्हणजे फोन वायरने जोडायची, सोय आहे का आणि झोन, म्हणजे हॉल, रूम, अंगण, वेगवेगळे चालू-बंद करता येतात का एवढं बघा.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. ट्रान्सफॉर्मर नसलेला साधा ८ ओहमचा स्पीकर या लाइनला चुकूनही जोडायचा नाही, जुना होम थिएटरचा डबा वाया जातोय म्हणून कुणीतरी जोडतोच, आणि एका झटक्यात स्पीकर जातो, सोबत अँप्लिफायरही जाऊ शकतो. आणि या लाइनला शॉक बसतो, तेव्हा गाणं चालू असताना तारेला हात नाही, जोड उघडे नाहीत.

वायर पीओपीच्या आधी पडली पाहिजे ताई, हे आजच मिस्त्रीला सांगा. तांब्याची दोन कोरची १.५ स्क्वेअर एमएम, पाइपातून, लाइटच्या वायरपासून वेगळ्या पाइपात. उंदरांनी कुरतडायला नको म्हणूनही पाइप हवाच. हॉल, फॅमिली रूम आणि अंगण या तीन वेगळ्या लाइनी काउंटरपर्यंत आणा, नंतर पीओपी फोडून वायर टाकणं फार जिवावर येतं. स्पीकर जोडताना प्लस-मायनस सगळ्यांचं एकसारखं, एखादा उलटा जोडला गेला तर शेजारच्या दोघांचा बेस एकमेकांना खातो आणि मधल्या टेबलावर गाणं पोकळ लागतं, कारण मात्र कुणाला सापडत नाही. फॅमिली रूमला दाराशी भिंतीवर व्हॉल्युमचा वेगळा नॉब द्या, १०० व्होल्ट लाइनचाच मागा, साधा चालत नाही. कुणाचं लहान बाळ झोपलेलं असतं, कुठे मुलगी बघायचा कार्यक्रम चाललेला असतो, त्यांना तिथल्या तिथे आवाज बंद करता आला पाहिजे.

अंगणात भोंगा लावू नका. भोंगा लांब ओरडून सांगायला बनवलाय, त्यातून गाणं ऐकणं म्हणजे शिक्षा आहे. पावसापाण्यात चालणारे दोन वॉल स्पीकर घ्या, अंगावर आयपी रेटिंग लिहिलंय का ते बघून, आणि ते हॉटेलच्या मागच्या भिंतीवर ८ फुटावर खाली टेबलांकडे झुकवून लावा. निंबाच्या खोडाला ठोकू नका, झाडालाही त्रास आणि वाऱ्याने वायरही तुटते. शेजारच्या घराकडे तोंड अजिबात नको. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात लाउडस्पीकरला प्रशासनाची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद ठेवावा लागतो, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, वस्तीत ५५ आणि ४५ अशी हद्द आहे. शाळा, दवाखाना किंवा कोर्ट १०० मीटरच्या आत असेल तर तो परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो, ते वेगळंच बघावं लागतं. अंगणाचा झोन वेगळा ठेवायला मी सांगतोय ते यासाठीच, दहाला एक बटण बंद केलं की झालं. परवानगीचं पोलीस स्टेशनला आधीच विचारून घ्या.

अँप्लिफायर काउंटरच्या बंद ड्रॉवरमध्ये कोंबू नका, आपल्या उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. चारी बाजूंनी हाताची चार बोटं तरी जागा सोडा, किचनच्या भिंतीपासून लांब ठेवा कारण फोडणीचा तेलकट धूर धुळीसोबत आत चिकटतो, आणि महिन्यातून एकदा ब्रशने जाळी साफ करा. लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर स्पीकरमधून घूं घूं येत राहतं. जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच अँप्लिफायर चालू करा. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा आणि अर्थिंग खरंच चालू आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

गाणी कशावरून लावायची, तर ब्लूटूथवरून नको. मिस्टरांच्या फोनवरून लावलं आणि फोन आला की गाणं थांबतं, रिंग हॉलभर, आणि ते बाजारात गेले की गाणंही गेलं. घरातला एखादा जुना फोन घ्या, सिम काढा, नोटिफिकेशन बंद करा, चार्जरला लावून वायरने ऑक्सला जोडा. चार्ज होताना गुणगुण आली तर वायरच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावायची, जळगावला गोलाणी मार्केटला चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. डावा-उजवा दोन्ही आवाज एकत्र करून मोनो करून घ्या, कारण हॉटेलात एका टेबलाला डावा आणि दुसऱ्याला उजवा ऐकवून काही फायदा नाही, आणि नुसती एकच बाजू जोडली तर जुन्या गाण्यांत अर्धी वाद्यंच गायब होतात. सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा, नाहीतर जुनं गाणं हळू आणि नवीन एकदम अंगावर येतं. बेस थोडा कमी ठेवा. व्हॉल्युमच्या नॉबवर मार्करने दोन खुणा करा, एक रिकाम्या हॉलची आणि एक भरलेल्या हॉलची, आणि पोऱ्यांना सांगा की दुसऱ्या खुणेच्या पुढे कुणी जायचं नाही, गिऱ्हाइकाने म्हटलं तरी.

कुठली गाणी हा घरातला वाद मला तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतोय, आणि माझं मत सासऱ्यांच्या बाजूने जास्त झुकतं. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटमधला अभ्यास छापला होता, संथ संगीत असताना लोक सरासरी ५६ मिनिटं बसले आणि जलद असताना ४५ मिनिटं, जेवणावरच्या खर्चात मात्र खास फरक पडला नाही. आपल्याकडे यातून एवढंच घ्या की दुपारी बारा ते अडीच टेबल लवकर मोकळं व्हायला हवं तेव्हा जरा चालतं गाणं लावा, संध्याकाळी फॅमिली येतात तेव्हा संथ. सकाळी चहा-नाश्त्याला सासऱ्यांची जुनी गाणी. आणि अहिराणी गाणी लावा ना ताई! पुण्या-मुंबईला, सुरतला गेलेली आपली माणसं सुट्टीत या रस्त्याने गावाकडे येतात, गाडीतून उतरल्यावर त्यांना शेवभाजीच्या वासासोबत आपली बोली ऐकू आली तर त्यांना किती बरं वाटेल. श्रावणात कानबाईच्या दिवसांत तर लावाच. फक्त डीजे रिमिक्सवाली जेवणाच्या वेळेला नको.

गाण्यांच्या हक्काचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी गाणं वाजवणं हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक वाजवणं धरलं जातं आणि त्याला परवानगी लागते. लग्नाला आणि धार्मिक कार्यक्रमाला त्यात सूट आहे, हॉटेलला नाही. घरच्या वापराचं स्पॉटिफाय किंवा यूट्यूबचं पैसे भरलेलं खातं असलं तरी ते पर्सनल वापरापुरतंच असतं, आणि रेडिओ लावला म्हणून सुटका होते असंही समजू नका. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस नावाची संस्था आहे, रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी पीपीएल आणि काही कंपन्या स्वतः परवाने देतात. आधी आयपीआरएसला हॉटेलचा आकार आणि किती खुर्च्या ते लिहून मेल करा, वर्षाचा दर लेखी मागा, तो बजेटमध्ये वेगळा धरा. अहिराणी गाण्यांचे कलाकार तर आपल्याच खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतले आहेत, त्यांच्याकडून थेट लेखी परवानगी घेता येईल, फक्त गाण्याचा हक्क गायकाकडे आहे की चॅनलवाल्याकडे ते आधी विचारा. आपल्या पोरांच्या गाण्याला दोन पैसे मिळाले तर मला तरी फार आनंद होईल.

आता दिराचं. त्याला साउंडची आवड आहे, ती वाया घालवू नका, हे काम त्याच्याकडेच द्या. जळगाव आणि धुळे दोन्हीकडून कोटेशन त्याने आणायचं, त्यात अँप्लिफायर, सात सीलिंग स्पीकर, दोन वॉल स्पीकर, फॅमिली रूमचा नॉब, वायर-पाइप आणि मजुरी असं प्रत्येक वेगळं लिहून, "सगळं मिळून एवढे" असं नाही. माझ्या अंदाजाने तुमच्या ४० हजारात हे बसायला हवं. पूर्ण माल उचलण्याआधी अँप्लिफायर आणि एकच सीलिंग स्पीकर ट्रायलला मागून आणायचा, शिडीच्या घोडीला बांधून १० फुटावर टांगायचा, कुलर आणि एक्झॉस्ट दोन्ही चालू करून खाली दोघांनी खुर्चीवर बसून बोलून बघायचं, मग तिथून ५ फूट बाजूला सरकून, मग ७ फूट. ७ फुटावर आवाज फारच पडला तर तो स्पीकर अरुंद पसरतो, दुसरा मॉडेल मागायचा. हे झाल्यावरच पीओपीवाल्याला भोकांची मापं द्या, आणि ती मापं हातात आलेल्या स्पीकरवरून घ्या, कॅटलॉगवरून नको.